जळगावचा सराफा, काळा कातळ आणि बांसवाड्याचे जुने खडक

महाराष्ट्रात कुठेही ‘सोन्याचा साठा सापडला’ अशी बातमी आली की खानदेशात हमखास विचारलं जातं : आपला डोंगरमा सोनं शे का? नोव्हेंबर २०२२ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी चंद्रपूर आणि सिंधुदुर्गात सोन्याचे ब्लॉक असल्याचं सांगितलं आणि या प्रश्नाला पुन्हा धार आली. देशभरात सोन्यासाठी नामांकित असलेला सराफा जळगावात असताना हा प्रश्न पडावा यात नवल नाही. मात्र त्याचं उत्तर मिळवायला आधी पायाखालचा खडक पाहावा लागतो, मग खानदेशाबाहेर जावं लागतं.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी तापी आणि नर्मदा खोऱ्यांच्या भूशास्त्रावरचा अहवाल १८६९ साली प्रसिद्ध केला. खानदेशात जमिनीवर दिसतो तो एक तर दख्खनचा ट्रॅप, म्हणजे लाव्हाचा काळा कातळ, नाही तर तापीने आणून टाकलेला गाळ. हा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. विहीर खोदणाऱ्याला त्याचे थर तोंडपाठ असतात : वर मुरूम, मग मांजऱ्या, मग छिन्नीला दाद न देणारा काळा पाषाण. मांजऱ्याच्या पोकळ्यांत गारगोटी, कॅल्साइट आणि झिओलाइटचे स्फटिक चमकतात. दिसायला ते फार सुंदर असतात, सोन्याशी मात्र त्यांचा संबंध नाही.

जगातल्या जुन्या खाणींमधलं बरंच सोनं वेगळ्या पद्धतीने जमलेलं आहे. अब्जावधी वर्षांपूर्वीचे लाव्हा आणि गाळाचे थर जमिनीत खोल दबले, चेपले, तापले. त्यांतून सुटलेलं गरम पाणी सोनं विरघळवून घेऊन भेगांतून वर चढलं, आणि वाटेत दाब व रसायन बदलताच गारेच्या (क्वार्ट्झच्या) शिरांमध्ये ते सोनं टाकून गेलं. आपला ट्रॅप वयाने कोवळा. तो आडवा पसरला आणि बहुतेक तसाच राहिला. तो असा खोल दबून भाजला गेलाच नाही. भूशास्त्रज्ञ खानदेशात सोन्यासाठी खडक फोडत फिरत नाहीत, त्याचं कारण एवढंच आहे.

मग खानदेशात सोनं आलं कसं? रस्त्याने आलं. सुरत बंदरावर उतरलेलं सोनं-चांदी ज्या वाटेने बुऱ्हाणपूर आणि पुढे आग्र्याकडे जाई, ती वाट तापीच्या खोऱ्यातून होती. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याच्या प्रवासवर्णनात नंदुरबार, थाळनेर, चोपडा ही नावं येतात. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे तिथला कापूस थांबला, इथल्या कापसाचे भाव चढले आणि खानदेशात रोख पैसा खेळू लागला. त्याच दशकात भुसावळला रेल्वे आली. जळगावची पेठ वाढली ती या व्यापारावर.

खडकातल्या सोन्याची गोष्ट त्याच मुंबई इलाख्यात, पण दक्षिण टोकाला घडत होती. धारवाड जिल्ह्यात गदगजवळच्या कप्पतगुड्ड डोंगराच्या ओढ्यांत जालगार लोक वाळू धुऊन सोन्याचे कण काढत. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ मध्ये तिथल्या सोनेधारी खडकांवर लिहिलं, आणि १८८६ मध्ये अशा जुन्या हिरवट-करड्या खडकांच्या समूहाला ‘धारवाड’ हे नाव दिलं. ओढ्याची वाळू धुवायची आणि कण दिसले की वर चढत खडक गाठायचा, हे जालगारांचं ज्ञान. आजचं प्राथमिक सर्वेक्षण याच तर्काने चालतं, आणि त्याचं श्रेय त्यांना फार कमी मिळालं याची मला खंत वाटते.

कोलारचंही तसंच. सीमा-मोजणीच्या कामावर असलेल्या जॉन वॉरन या अधिकाऱ्याने १८०२ मध्ये सोन्याबद्दल ऐकलं आणि बक्षीस लावलं. गावकऱ्यांनी गाड्या भरून माती आणली आणि त्याच्यासमोर धुऊन सोनं दाखवलं. न्यूझीलंडच्या युद्धातून बंगळूरला परतलेल्या मायकेल लॅव्हेल या आयरिश सैनिकाला १८७५ मध्ये परवाना मिळाला, पण भांडवल संपलं. १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स आली आणि जुन्या देशी खाणींच्याच खाली आणखी खोल गेल्यावर सोनं लागलं. तीन किलोमीटरहून खोल गेलेली ही खाण सुमारे ८०० टन सोनं देऊन २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली. रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीलाही प्राचीन खाणींनीच वाट दाखवली. ती आजही चालू आहे.

कोलारला टेलर कंपनी आली त्याच सुमारास वायनाडमध्ये काय घडलं, ते सराफ्यातल्या प्रत्येकाने वाचावं. ऑस्ट्रेलियातून आलेल्या खाणतज्ज्ञ ब्रो स्मिथ यांच्या आशादायी अहवालानंतर १८८० च्या आसपास लंडनमध्ये डझनावारी कंपन्या उभ्या राहिल्या, भागभांडवल गोळा झालं, डोंगरावर यंत्रं चढली. गार होती, तिच्यात सोनंही होतं, पण खाणीचा खर्च भागेल इतकं नव्हतं. काही वर्षांतच सगळं कोसळलं. वरवरचे मोजके नमुने आणि खाण यांच्यातलं अंतर किती मोठं असतं, ते वायनाडने दाखवलं. तरीही २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रमध्ये सुमारे ३,००० टन सोनं असल्याची बातमी देशभर पसरली. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लगेच खुलासा केला : ५२,८०६ टन खनिज, दर टनाला ३.०३ ग्रॅम, म्हणजे एकूण सुमारे १६० किलो. म्हणून अशी बातमी वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात : खनिज किती टन, दर टनाला किती ग्रॅम, आणि शोध कोणत्या टप्प्यावर आहे.

आपल्याकडे हे टप्पे जी-४ ते जी-१ असे मोजतात. जी-४ म्हणजे टेहळणी : नकाशे, ओढ्यांचा गाळ, काही नमुने, एखाद-दुसरी चाचणी. सोन्याचे कण इतके विरळ असतात की प्रयोगशाळेत बऱ्याचदा आधी आर्सेनिकसारखे सोबती शोधतात, कारण ते सोन्याभोवती जास्त पसरलेले असतात. मग चर खणायचे, मग ड्रिलिंग करून दगडाचे लांब गाभे काढायचे. यात वर्षं जातात, आणि बहुतेक जागा मधेच सोडून द्याव्या लागतात. विदर्भात साकोली पट्ट्यातल्या परसोडी, कोलारी अशा जागांवर सर्वेक्षणाला सोन्याच्या खुणा मिळाल्या. पण तिथे अजून कोलारसारखी खाण उभी राहिलेली नाही.

खानदेशाच्या उत्तरेला, राजस्थानातल्या बांसवाडा जिल्ह्यात, भुकिया-जगपुरा इथे मात्र अरवलीच्या जुन्या खडकात मोठा साठा मोजला गेला : सुमारे ११.३५ कोटी टन खनिज आणि त्यात सुमारे २२२ टन सोनं. म्हणजे दर टनाला जेमतेम दोन ग्रॅम. जळगावच्या भाषेत, दहा ग्रॅमच्या एका तोळ्यासाठी पाच टन दगड फोडायचा.

ट्रॅपखाली काय आहे, याचीही थोडी कल्पना आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत ६१७ मीटर बोअर घेतली गेली. तिथे ३३८ मीटर ट्रॅप, त्याखाली सुमारे आठ मीटर गाळखडक आणि मग थेट पुरातन ग्रॅनाइटी खडक लागला. कोयनेलाही काळ्या कातळाखाली तोच निघाला. म्हणजे ट्रॅपच्या पांघरुणाखालीही जुना खडक आहे. पण तिथपर्यंत पोचून दर टनाला दोन ग्रॅम शोधायचं म्हणजे न परवडणारं काम.

कायदा मात्र आता खोलवरच्या खनिजांसाठीच बदलला आहे. १९५७ च्या खाण कायद्यात २०१५ मध्ये लिलाव आले. २०२३ मध्ये सोनं, चांदी, तांबं यांच्यासह २९ खनिजांसाठी खासगी शोध-परवान्याची सोय झाली. त्याच वर्षीच्या वन कायद्यातल्या दुरुस्तीने शोधकामाला वनमंजुरीतून वगळण्याचा मार्गही केंद्राला मिळाला. बांसवाड्याप्रमाणेच धडगाव-अक्कलकुवाचा सातपुडाही भिल्लांचा आणि अनुसूचित क्षेत्रातला. १९९६ च्या पेसा कायद्यात, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यात, शोध आणि खाणीच्या परवान्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस सक्तीची आहे, पण ती मुरूम, वाळू, दगड अशा गौण खनिजांपुरती. सोनं त्या कलमात बसत नाही. ज्या गावाला मुरमाबद्दल विचारावं लागतं, त्याला सोन्याबद्दल त्या कलमाने विचारावं लागत नाही. ही उणीव ड्रिल यंत्र कोणत्याही डोंगरावर चढण्याआधी भरून निघायला हवी.