यारोमीर यागर : ओम्स्कच्या तीन वर्षांची पार्श्वभूमी

फेब्रुवारी 2024 मध्ये पिट्सबर्गच्या आइस हॉकी संघाने चेक खेळाडू यारोमीर यागरची 68 क्रमांकाची जर्सी निवृत्त केली, म्हणजे तो क्रमांक यापुढे कुणाला न देण्याचं ठरवलं, तेव्हा त्याच्या आकड्यांची पुन्हा एकदा उजळणी झाली. 1733 सामने, 766 गोल, 1921 गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून). उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, याहून जास्त गुण आजवर फक्त एकाच खेळाडूचे आहेत. अशा उजळणीच्या शेवटी हळहळही ठरलेली असते: मधली तीन वर्षं वाया गेली नसती तर? म्हणजे 2008 ते 2011, सायबेरियातल्या ओम्स्कच्या संघातली. 'वाया' हा शब्द मला मुळीच पटत नाही.

प्रागजवळच्या क्लादनोत 1972 साली जन्मलेल्या या मुलाच्या घराण्याची शेती कम्युनिस्ट राजवटीने घेतली होती, आजोबांना तुरुंगवास झाला होता. आजोबा 1968 साली वारले, आणि त्याच वर्षी रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरले. पाठीवरचा 68 तिथून आला. 1990 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, तो पाचवा निवडला गेला. देश सोडून पळून न जाता, सरकारच्या परवानगीने ड्राफ्टला हजर राहिलेला तो पहिला चेकोस्लोव्हाक खेळाडू. पिट्सबर्गबरोबर 1991 आणि 1992 ची विजेतेपदं, सर्वाधिक गुणांचा मान पाच वेळा, 1998 ला नागानोत ऑलिंपिक सुवर्ण, हे सगळ्यांना पाठ आहे.

ओम्स्कशी त्याचं नातं मात्र 2008 चं नाही. 2004-05 चा मोसम मालक आणि खेळाडूंच्या वादात पूर्ण रद्द झाला, तेव्हा तो तिथे जाऊन खेळला होता. तिथून आपल्या तेव्हाच्या न्यू यॉर्क संघात परतला आणि 2005-06 मध्ये 54 गोल, 123 गुण केले. दोन्ही त्या संघाचे विक्रम. वयाच्या चौतिसाव्या वर्षी! ज्यांनी तो मोसम पाहिला त्यांना त्याचा खेळ डोळ्यांसमोर दिसेल: उजव्या बगलेला, फळीलगत, प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करून पाय रोवलेले, आणि लांब काठीच्या टोकाला पक (खेळातली रबरी चकती) असा दूर धरलेला की मागून दोघं लोंबकळले तरी हाती लागायचा नाही. लहानपणी रोज हजार बैठका मारणाऱ्याचे पाय होते ते.

2007-08 ला गुण 71 वर आले आणि करार संपला. त्याच वर्षी रशियात नवी लीग उभी राहत होती. पैसा भरपूर, आयकर सरसकट 13 टक्के. त्याने ओम्स्कशी दोन वर्षांचा करार केला, पुढे तिसरं वर्षही राहिला. पैशासाठी गेला म्हणणाऱ्यांचं खोटं नाही. पण ज्या संघाने आधी आपलंसं केलं होतं तिकडेच तो गेला, हे सांगायचं राहून जातं.

तिथली पहिलीच शरद ऋतूतली घटना फार वाईट होती. ऑक्टोबर 2008 मध्ये मॉस्कोजवळच्या चेखोव्ह गावातल्या सामन्यात यागरच्याच ओळीत (एकत्र बर्फावर उतरणाऱ्या आघाडीच्या तिघांत) खेळणारा 19 वर्षांचा आघाडीवीर त्याच्याशेजारी बाकावर कोसळला. न्यू यॉर्कने आदल्या वर्षी ड्राफ्टमध्ये निवडलेला मुलगा. अँब्युलन्स तोवर स्टेडियममधून निघून गेली होती. तो वाचला नाही. यागर त्यानंतरही तिथेच राहिला.

तीन मोसमांत 155 सामने, 66 गोल, 145 गुण. शिवाय 2010 च्या जागतिक स्पर्धेत, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, चेक संघातून अंतिम सामन्यात रशियालाच हरवून सुवर्ण.

आता घोळ आहे तो 'कारकिर्दीतले गोल' या शब्दांचा. अमेरिकेत हे शब्द वापरतात तेव्हा त्यात एकाच लीगचे गोल धरतात. त्यामुळे ते 66 गोल यादीत शून्य ठरतात, आणि 2018 मध्ये त्याने ती लीग सोडली तेव्हाच्या सर्वाधिक सामन्यांच्या विक्रमापासून (1767) तो फक्त 34 सामने मागे राहिला, म्हणून हळहळ होते. तीन मोसम राहिला असता तर तो विक्रम सहज त्याचा झाला असता, हे उघड आहे. पण खेळाडू रोज बर्फावर उतरत असताना त्याची वर्षं वाया गेली असं म्हणणं म्हणजे एका लीगच्या वहीला सगळा खेळ समजणं.

2011 मध्ये तो परतला, पण पिट्सबर्गकडे न जाता कट्टर प्रतिस्पर्धी फिलाडेल्फियाकडे गेला. पिट्सबर्गच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. पुढे डॅलस, बॉस्टन, न्यू जर्सी, फ्लोरिडा, कॅल्गरी. डिसेंबर 2016 मध्ये 1888 वा गुण मिळवून तो सर्वकालीन यादीत दुसरा झाला. 2018 च्या सुरुवातीला क्लादनोला परतला, आपल्याच मालकीच्या संघाकडून खेळायला. आपण खेळतो म्हणून प्रायोजक टिकतात, असं तो सांगत आला आहे.

जर्सी निवृत्त झाली त्या दिवशी, हुर्यो उडाली होती त्याच स्टेडियममध्ये, पिट्सबर्गचे सगळे खेळाडू 68 ची जर्सी आणि त्याच्या तरुणपणीच्या लांब केसांसारखे टोप घालून सरावाला उतरले. त्यांच्याबरोबर 52 वर्षांचा यागरही स्केट्स बांधून बर्फावर होता.