मिडियम फॉरमॅट मॅक्रो लेन्स (निवड)

१२० रोल फिल्मच्या कॅमेऱ्यांवर (६×४.५, ६×६, ६×७ सेमी) किंवा ४४×३३ मिमीसारख्या मोठ्या डिजिटल सेन्सरवर अगदी जवळून फोटो काढण्यासाठी बनवलेली लेन्स. फोकल लेंग्थ बहुतेक वेळा ८० ते १४० मिमीच्या दरम्यान आणि उघडं अ‍ॅपर्चर एफ/४ च्या आसपास असतं (एफचा आकडा मोठा म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक लहान).

३५ मिमीवरून आलेला माणूस आधी १:१ (वस्तू फिल्मवर तिच्या खऱ्या आकाराएवढी) मिळतं का ते बघतो. पण ६×६ ची फ्रेम प्रत्यक्षात ५६ मिमीची, म्हणजे ५६ मिमी रुंद फुलाने ती भरायची तर पूर्ण १:१ लागतं, तेच फूल ३५ मिमीच्या २४ मिमी उंचीत बसवायला ०.४३ पट पुरतं. त्यामुळे नुसता आकडा बघू नये, आपली वस्तू किती मिमीची आहे ते आधी मोजावं. १:१ साठी लेन्स स्वतःच्या फोकल लेंग्थइतकी आणखी पुढे सरकावी लागते (१२० मिमीला १२० मिमी), प्रकाश दोन स्टॉप कमी होतो (चौथा हिस्साच उरतो), आणि रिंगवर एफ/२२ ठेवलं तरी प्रत्यक्षात जवळपास एफ/४५ असतं, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड (पुढे-मागे स्पष्ट दिसणारी खोली) वाढवण्याच्या नादात डिफ्रॅक्शनने (बारीक भोकातून प्रकाश पसरल्याने) बारकावे जातात. प्रकाश मोजणारा मीटर हातातला असेल तर हा हिशोब आपणच करायचा.

मिडियम फॉरमॅटमध्ये खास मॅक्रो लेन्स सुरू कुठून झाली यावर एकमत नाही. नेहमी नाव घेतलं जातं ते झाइसच्या एस-प्लानार १२० मिमी एफ/५.६ चं, हॅसलब्लाडसाठी, साधारण १९६० च्या दशकातली. मूळ प्लानार रचना पॉल रुडॉल्फची, १८९६ ची. पण काहींच्या मते एस-प्लानार ही खरं तर कागदपत्रं आणि सपाट चित्रांच्या कॉपीसाठीची लेन्स, तिला आजच्या अर्थाने मॅक्रो म्हणू नये. तर काही जण म्हणतात की जवळच्या अंतरासाठी सुधारलेली, फील्ड सपाट ठेवणारी (मध्य आणि कडा एकाच वेळी फोकसमध्ये आणणारी) लेन्स म्हणजेच मॅक्रो, आणि हेच मत जास्त धरून चालण्यासारखं आहे. १९८० च्या दशकात तिच्या जागी माक्रो-प्लानार १२० एफ/४ आली. ती दूरच्या दृश्याला उघड्या अ‍ॅपर्चरवर थोडी मऊ पडते असं बरेच जण लिहितात, पण एफ/८-एफ/११ ला तो फरक फारसा उरत नाही. एकट्या लेन्सवर मात्र ती जेमतेम ०.२२ पटीपर्यंतच जाते, ५६ मिमीची ट्यूब (लेन्स आणि बॉडीमध्ये बसणारी पोकळ नळी) लावली की अंदाजे ०.७. १३५ मिमीची बहीण तर बेलोजशिवाय (लेन्स पुढे सरकवणारा घड्यांचा भाता) फोकसच होत नाही.

म्हणून लेन्सइतकीच बॉडी महत्त्वाची. मामिया आरबी६७ ला बेलोज आतच, ४६ मिमी पुढे जाणारं, त्यावर १४० मिमी एफ/४.५ मॅक्रो एकटी ०.३३ पर्यंत जाते, ८२ मिमीच्या ट्यूबने ०.९ च्या वर, आणि तिच्या पुढच्या फ्लोटिंग रिंगवर (आतल्या काचा अंतराप्रमाणे हलवणारी रिंग) अंतर सेट करायला विसरलं तर कोपरे बिघडतात. १९६६ च्या रोलाय एसएल६६ ला बेलोज तर आहेच, शिवाय लेन्स उलटी लावता येते आणि ८ अंशांपर्यंत टिल्ट (लेन्स तिरकी करणं) मिळतो, जवळच्या कामाला ही फार मोठी सोय. पेंटॅक्स ६७ ची १३५ मिमी मॅक्रो एकटी फक्त ०.३ च्या आसपास, आणि तिथे फोकल प्लेन शटर (फिल्मच्या लगेच पुढचा पडदा), फ्लॅश सिंक (फ्लॅश जुळणारा सर्वात जलद वेग) १/३० सेकंदालाच, त्यामुळे हलत्या फुलाला फ्लॅशने थांबवायचं तर अडचण होते. लीफ शटरच्या, म्हणजे आतच शटर असलेल्या लेन्सवर (हॅसलब्लाडला १/५०० पर्यंत) ती येत नाही. ट्रायपॉड आणि मिरर लॉक-अप (हादरा टाळायला आरसा आधीच वर उचलणं) कुठेही धरूनच चालावं.

नाणी, तिकिटं, जुने नकाशे अशा सपाट वस्तूंना खरी मॅक्रो लेन्स घ्यावीच, साध्या ८० मिमीवर ट्यूब लावली तर कडा सैल पडतात. फूल, शेवाळ, कीटक यांना त्या कडा बहुधा फोकसबाहेरच असतात, तिथे साधी लेन्स आणि ट्यूब पुरते, पैसेही वाचतात. १:१ एकाच लेन्समध्ये हवं असेल तर ६४५ (६×४.५) कडे वळावं, पेंटॅक्स, मामिया, कॉन्टॅक्स तिघांच्याही १२० मिमी एफ/४ तिथपर्यंत जातात.

डिजिटलमध्ये फुजीफिल्म जीएफ १२० मिमी एफ/४ १:२ देते, म्हणजे ८८×६६ मिमीचा भाग फ्रेममध्ये येतो, त्याहून जवळ जायचं तर तिथेही ट्यूब लावावी लागते.