कैरीला सुटलेलं पाणी आणि वजा चिन्हाची भानगड

मे महिन्यात आमच्याकडे बेळगावच्या शहापूरला कैऱ्या फोडल्या की आजी मीठ-हळद चोळून पातेलं झाकून ठेवायची आणि म्हणायची, रात्रभर हात लावू नका, पाणी सुटतंय बघा. सकाळी खरंच खाली दोन बोटं पाणी, फोडी मऊ आणि सुरकुतलेल्या. वरून पाण्याचा थेंब घातलेला नाही. हे परासरण म्हणजे ऑस्मॉसिस, पातळ पडद्यातून पाणी कमी मिठाकडून जास्त मिठाकडं जाणं, एवढं दहावीतल्या पोराला पण माहीत असतंय, पण पुढे बारावीत तेच वॉटर पोटेन्शियल, म्हणजे पाण्याची पुढे सरकायची ताकद, होऊन येतं, तेही मायनसमध्ये, आणि तिथं निम्म्या वर्गाची गाडी अडकते. माझीही अडकली होती. हा मायनस कुठून आला ते इतिहास बघितल्याशिवाय कळत नाही असं माझं मत.

सुरुवात 1748 ची. नोले नावाचा फ्रेंच पाद्री, त्यानं दारूच्या अर्काची बाटली डुकराच्या मूत्राशयाच्या कातड्यानं बांधून पाण्यात बुडवून ठेवली, काही तासांनी बघतो तर कातडं फुगून वर आलेलं, म्हणजे बाहेरचं पाणी आत घुसलेलं. बघितलं, लिहिलं, आणि विषय जवळजवळ 80 वर्षं तसाच पडून राहिला. 1826 च्या सुमारास द्युत्रोशे या फ्रेंच शास्त्रज्ञानं परत हात घातला, आत येणाऱ्याला एन्डॉस्मोस आणि बाहेर जाणाऱ्याला एक्सॉस्मोस अशी नावं दिली. कारण मात्र त्याला विजेत दिसलं, ते चुकलं.

खरी मजा 1877 ला. फेफर हा वनस्पतीवाला माणूस, त्यानं मातीच्या सच्छिद्र भांड्याच्या भिंतीतच एका तांब्याच्या क्षाराचा पातळ पडदा तयार केला, पाणी जाऊ देणारा पण साखर अडवणारा, आणि आतला दाब पाऱ्यावर मोजला. 1 टक्का साखर, 53.5 सेंटिमीटर पारा. 2 टक्के, 101.6. साखर दुप्पट तर दाबही जवळपास दुप्पट! आता हे आकडे केमिस्ट्रीवाल्यांच्या नजरेत कशाला येतायत, पण अ‍ॅमस्टरडॅममध्ये ह्यूगो द व्रीस या वनस्पतीशास्त्रज्ञानं बोलता बोलता ते व्हांट हॉफ या रसायनशास्त्रज्ञाला सांगितले आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की पातळ द्रावणाचा हा दाब वायूच्याच नियमानं चालतोय. 1901 चं केमिस्ट्रीचं पहिलंवहिलं नोबेल त्याला मिळालं, त्यात हे काम होतं.

द व्रीस स्वतः पानाची साल सोलून मायक्रोस्कोपखाली वेगवेगळ्या द्रावणात ठेवत होता. ते झाड म्हणजे आपल्या कॉलेजच्या दारात कुंडीत असतं ते ऱ्हिओच, वर हिरवं खाली जांभळं. खारट पाणी घातलं की जांभळा भाग पेशीची भिंत सोडून आत गोळा होत जातो, भिंत आहे तिथंच. हाच रससंकोच. कुठल्या द्रावणात तो नुकता सुरू होतो त्यावरून द व्रीस पेशीच्या आतल्या रसाचा हिशोब काढायचा. हीच युक्ती हॅम्बुर्गर या डच शरीरक्रियाशास्त्रज्ञानं रक्ताच्या लाल पेशींवर चालवली. नुसत्या पाण्यात त्या फुगून फुटतात, जास्त मिठात आक्रसतात, आणि आपल्या रक्तासाठी 0.9 टक्के मीठ जमतं असं त्यानं ठरवलं. सरकारी दवाखान्यात असो की खासगी, स्टँडला लटकणारी सलाईनची बाटली म्हणजे तेच, लिटरला 9 ग्रॅम मीठ.

आणि इथून दोन वाटा फुटल्या. प्राण्याच्या पेशीला भिंत नाही, दाब धरून ठेवायला काही नाही, त्यामुळे डॉक्टर मंडळींचं काम नुसत्या द्रावणाच्या तीव्रतेवर भागलं. झाडाच्या पेशीला भिंत, पाणी आत शिरलं की ती उलट दाबते. साध्या पाण्यातल्या पेशीचा रस ओढतोय वजा 0.8 मेगापास्कलनं (दाबाचं माप) आणि भिंत ढकलतीय अधिक 0.8 नं, बेरीज शून्य, पाणी थांबलं, पेशी टम्म पण फुटली नाही. दोन्ही एकत्र मोजायला कधी ओढशक्ती, कधी डीपीडी (डिफ्यूजन प्रेशर डेफिसिट), अशी नावं आली गेली. जुन्या गाइडमध्ये डीपीडी अजून सापडतं, आकडा तोच पण चिन्ह अधिक. शेवटी 1960 ला स्लेटायर आणि टेलर या दोन शास्त्रज्ञांनी सुचवलं की माती, मूळ, पान, हवा सगळ्याला एकच माप लावा, शुद्ध पाणी म्हणजे शून्य. आता काही विरघळलं की पाण्याची ताकद त्या शून्याच्या खालीच जाणार, म्हणून मायनस. एवढंच आहे ते! एकाच गोष्टीला दोन भाषा, बेळगावात वाढलेल्याला त्याचं काय नवल, आम्ही एका दुकानात मराठीत भाव विचारतो आणि शेजारच्यात कन्नडमध्ये.

मातीला पण तेच माप लावायचा फायदा अथणी, रायबागकडं गेलं की दिसतो. कृष्णाकाठच्या उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून काही रानं मीठफुटीची झाली, कन्नड शेजारी सवळू म्हणतात. पायाखाली ओल असते आणि ऊस तरी माना टाकतो. शेतकरी म्हणतो पाणी कमी पडलं असेल, अजून एक पाळी देतो, निचरा नसला की खालचं मीठ आणखी वर. मुळापेक्षा मातीतलं पाणीच जास्त मायनसमध्ये गेलेलं, मग मूळ ओढणार कसं. साधारण वजा 1.5 मेगापास्कलला माती पोचली की बहुतेक पिकं कोमेजून परत उठत नाहीत असं धरतात, एखादं पीक अजून थोडं ताणतं. कैरीच्या पातेल्यात आजी जे मुद्दाम करायची ते इथं रानात आपोआप झालेलं असतंय.