टूर न घेता बहामाजची राजधानी नासाऊला उतरता येत नाही म्हणे!
कॅरिबियन क्रूझवर जहाज कंपनीनेच ठरवलेली शहराची टूर घ्यावी लागते नाहीतर पोर्टवर उतरूच देत नाहीत, हे व्हॉट्सॲपवर कधीपासून फिरतंय. असं काही नसतं हो! नासाऊचंच बघा, जहाजाचं कार्ड नि फोटो आयडी खिशात टाकायचं आणि चालत सुटायचं, जंकानू बीच पंधरा-वीस मिनिटांवर, दुसरीकडे क्वीन्स स्टेअरकेस, गुलामांकडून चुनखडीचा कडा फोडून घेतलेल्या ६६ पायऱ्या (मोजाल तर ६५ भरतील, खालची एक रस्त्याखाली गेलीय). फरक एवढाच, जहाजाच्या टूरला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं, आपलेआपण फिरणाऱ्यांसाठी नाही. आणि मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर उन्हाळ्यात घड्याळ मायामीच्या एक तास मागे असतं, तेव्हा फोनवर विसंबू नका, जहाजाचाच टाइम धरा.