पाठभेद आणि भाषांतरभेद : त्रैक्याच्या चर्चेत नेमके काय बदललेले असते?

इंदूरमधील पुष्कळ मराठी ख्रिस्ती घरांत एकाहून अधिक भाषांतील बायबल वापरात असते. घरातील जुनी प्रत मराठी, रविवारच्या उपासनेतील वाचन हिंदी आणि मोबाइलवरची आवृत्ती इंग्रजी, असे सर्रास आढळते. त्यामुळे पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच देव आहे या शिकवणीविषयी, म्हणजे त्रैक्याविषयी, बोलणे निघाले की वचनांतील फरक येथे लवकर नजरेस येतात आणि ‘नव्या आवृत्त्यांनी बायबल बदलले’ असा आरोपही तितक्याच लवकर होतो. या आरोपात दोन अगदी निराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. एक पाठभेद आणि दुसरा भाषांतरभेद.

पाठभेद म्हणजे मूळ ग्रीक किंवा हिब्रू हस्तलिखितांतच एका ठिकाणी वेगवेगळे शब्द असणे. मराठी वाचकाला ही कल्पना परकी नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ती शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यासमोर हाच प्रश्न होता. भाषांतरभेदात मात्र मूळ शब्दांविषयी वाद नसतो, त्यांचा अर्थ दुसऱ्या भाषेत कसा आणावा यावर मतभेद असतो. पहिल्या प्रश्नाचा निर्णय हस्तलिखितांचे वय, त्यांचा परस्परसंबंध आणि नकलकारांच्या सवयी पाहून करावा लागतो, तर दुसऱ्याचा व्याकरण, शब्दाचा तत्कालीन वापर आणि संदर्भ पाहून. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही, आणि चर्चा भरकटते ती नेमकी येथेच.

पाठभेदाचे सर्वांत गाजलेले उदाहरण योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स आवृत्तीत तेथे स्वर्गात साक्ष देणारे तीन आहेत, पिता, शब्द (म्हणजे पुत्र) व पवित्र आत्मा, आणि हे तीन एक आहेत, अशा आशयाचे वाक्य आहे. त्रैक्य इतक्या उघडपणे सांगणारे दुसरे वाक्य नव्या करारात नाही, आणि म्हणूनच ते नाहीसे झालेले पाहून श्रद्धाळू वाचकाला धक्का बसतो. प्रचलित हिंदी बायबलमध्ये त्या जागी केवळ आत्मा, पाणी आणि रक्त या तीन साक्षींचा उल्लेख आहे. काही आवृत्त्यांत सहाव्या वचनाचा उत्तरार्धच सातवे वचन म्हणून छापलेला असतो, त्यामुळे क्रमांक अखंड राहतात आणि गाळलेला भाग कोठे होता हे वाचकाला कळतही नाही. माझ्या मते अशा ठिकाणी तळटीप द्यायलाच हवी. वाचकाचा विश्वास सांभाळणे हेही प्रकाशकाचे काम आहे.

पण ते वाक्य गाळण्याचे कारण भक्कम आहे. चौथ्या शतकातील सिनाय व व्हॅटिकन या दोन्ही विख्यात ग्रीक हस्तलिखितांत ते नाही, आणि ज्या थोड्या ग्रीक प्रतींत ते सापडते त्या फार उशिराच्या आहेत. ते वाढले लॅटिन परंपरेत. डच विद्वान इरॅस्मसने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला तेव्हा आणि १५१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही त्याने हे वाक्य घेतले नाही. त्याच्यावर कडक टीका झाली. पुढे ते वाक्य असलेले एक ग्रीक हस्तलिखित त्याच्यासमोर आले आणि १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने ते समाविष्ट केले. ते हस्तलिखित आज डब्लिनमध्ये आहे आणि सोळाव्या शतकाच्या आरंभाचे मानले जाते. इरॅस्मसच्या आवृत्तीवरून पुढच्या छापील ग्रीक आवृत्त्या आणि त्यांवरून किंग जेम्स आवृत्ती, असा या वाक्याचा प्रवास झाला. याहूनही बोलका पुरावा म्हणजे, चौथ्या शतकात पुत्र हा पित्याशी समतत्त्व आहे की निर्मित आहे यावर ग्रीक भाषिक ख्रिस्ती जगात इतका मोठा वाद झाला असताना, त्रैक्याची बाजू मांडणाऱ्या ग्रीक आचार्यांनी हे वाक्य पुढे केले नाही. ते त्यांच्या हाती असते तर त्यांनी ते वापरले नसते हे संभवत नाही. नायसिया येथील ३२५ ची परिषद आणि कॉन्स्टँटिनोपल येथील ३८१ ची परिषद यांचे निर्णय या वाक्याच्या आधाराविना झाले. तेव्हा हे वाक्य गेल्याने त्रैक्याचा पायाच गेला हे म्हणणे जितके चूक, तितकेच त्रैक्य त्या एका वाक्यावर उभारले गेले होते हे विरोधकांचे म्हणणेही चूक आहे.

पाठभेद किती बारीक असू शकतो हे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील तिसऱ्या अध्यायाच्या सोळाव्या वचनात दिसते. किंग जेम्स आवृत्तीत तेथे ‘देव देहात प्रकट झाला’ अशा अर्थाचे शब्द आहेत, तर प्रचलित हिंदीत ‘वह जो शरीर में प्रगट हुआ’ असे आहे. प्राचीन ग्रीक प्रती मोठ्या लिपीत, शब्दांमध्ये जागा न सोडता लिहीत, आणि ‘देव’ हा शब्द पूर्ण न लिहिता थीटा व सिग्मा ही त्याची पहिली व शेवटची अक्षरे लिहून वर आडवी रेघ देत. ‘जो’ या अर्थाच्या सर्वनामात ओमिक्रॉन आणि सिग्मा ही दोन अक्षरे असतात. ओमिक्रॉन म्हणजे पोकळ वर्तुळ आणि थीटा म्हणजे त्याच वर्तुळाच्या पोटात आडवी रेघ. आपल्याकडे ‘व’च्या पोटात रेघ ओढली की ‘ब’ होतो, तसाच हा प्रकार आहे. पाचव्या शतकातील अलेक्झांड्रिया हस्तलिखितात ही पोटातली रेघ मूळची आहे की नाही यावर विद्वानांनी वर्षानुवर्षे वाद घातला. अठराव्या शतकात व्हेटश्टाइन या अभ्यासकाने ते पान तपासून असे मत दिले की पोटातली रेघ म्हणून जे दिसते ते पानाच्या मागील बाजूच्या अक्षराची उमटलेली शाई आहे. याच व्हेटश्टाइनला त्याच्या मतांवरील संशयामुळे १७३० मध्ये बाझेलच्या मंडळीतील आपले पद गमवावे लागले, यावरून अशा एका रेघेभोवती किती ताण होता याची कल्पना यावी. सिनाय प्रतीत मूळ हाताने ‘जो’ लिहिले आहे आणि नंतरच्या हाताने त्याचे ‘देव’ केले आहे. म्हणजे हिंदी भाषांतरकारांनी ‘परमेश्वर’ शब्द काढला नाही. त्यांनी ज्या ग्रीक पाठावरून भाषांतर केले त्यात तो नव्हताच.

आता भाषांतरभेदाकडे येऊ. योहानाच्या शुभवर्तमानाचे पहिले वचन मराठीत ‘प्रारंभी शब्द होता, आणि शब्द देवासह होता, आणि शब्द देव होता’ असे आहे. या वचनाच्या ग्रीक शब्दांविषयी वाद होण्याजोगा पाठभेद नाही. वाद आहे तो शेवटच्या वाक्यखंडातील ‘देव’ या शब्दाआधी ग्रीक उपपद, म्हणजे इंग्रजीतील ‘द’सारखा निश्चितता दाखवणारा शब्द, नसल्याचा. त्रैक्य न मानणाऱ्या यहोवाच्या साक्षीदारांच्या १९५० च्या इंग्रजी आवृत्तीने तेथे ‘कोणी एक देव’ असा अर्थ केला. परंतु ग्रीकमध्ये क्रियापदापूर्वी येणारे विधेयनाम, म्हणजे ‘शब्द देव होता’मधील ‘देव’सारखे नाम, उपपदाविना येणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि त्याच अध्यायात ‘देव’ शब्द उपपदाविना पित्याविषयीही आलेला आहे. पुष्कळ अभ्यासक येथे शब्दाचे स्वरूप सांगितले आहे असे मानतात. १९६१ च्या न्यू इंग्लिश बायबलने देव जो होता तोच शब्द होता, अशा अर्थाची रचना केली. मला हा अर्थ ग्रीक वाक्याच्या सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात शब्द आणि पिता यांची सरसकट एकरूपताही होत नाही आणि शब्दाला दुय्यम देवही ठरवले जात नाही. मराठीत उपपदच नसल्यामुळे ‘शब्द देव होता’ या वाक्यात हा सारा प्रश्न दिसेनासा होतो. इंग्रजी पुस्तिकेतील युक्तिवाद मराठी वचनावर जसाच्या तसा लावला की दोन्ही पक्ष वचनात नसलेल्या गोष्टीवर भांडत बसतात.

इंदूरच्या वाचकाला आणखी एक अडचण आहे, आणि ती पुण्या-मुंबईच्या वाचकाला सहसा जाणवत नाही. हिंदी बायबल हेच वचन ‘वचन परमेश्वर था’ असे देते. मराठी जुन्या करारात ‘परमेश्वर’ हा शब्द इस्राएलाच्या देवाच्या चार व्यंजनी हिब्रू नावासाठी राखलेला आहे आणि सामान्य ‘देव’ या अर्थी ‘देव’ शब्द आहे. प्रचलित हिंदीत त्या नावासाठी ‘यहोवा’ आहे आणि सामान्य ‘देव’साठी ‘परमेश्वर’. तेविसावे स्तोत्र पाहिले की हे लगेच ध्यानात येते : मराठीत ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’, हिंदीत ‘यहोवा मेरा चरवाहा है’. उलट उत्पत्तीच्या पहिल्याच वचनात मराठी ‘देवाने’ म्हणते आणि हिंदी ‘परमेश्वर ने’. आता ज्याचा कान मराठी जुन्या करारावर घडलेला आहे तो हिंदीतील ‘वचन परमेश्वर था’ ऐकून असे समजू शकतो की योहानाने येथे ते पवित्र नावच शब्दाला लावले आहे. ग्रीकमध्ये तसे नाही, तेथे ‘देव’ याच अर्थाचा साधा शब्द आहे. त्रैक्यावर श्रद्धा ठेवणाऱ्यानेही हा आधार घेऊ नये, कारण तो दोन भाषांतील शब्दयोजनेच्या फरकातून निर्माण झालेला आहे. पवित्र आत्म्याविषयीही असेच होते. बोलीच्या हिंदीत ‘आत्मा’ स्त्रीलिंगी असला तरी हिंदी बायबल ‘परमेश्वर का आत्मा’ असे पुल्लिंगी रूप वापरते, आणि मराठीत तो पुल्लिंगीच आहे. हिब्रूत हा शब्द बहुधा स्त्रीलिंगी, ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी, लॅटिनमध्ये पुल्लिंगी. व्याकरणातील लिंगावरून आत्मा ही व्यक्ती आहे किंवा नाही हे सिद्ध होत नाही.

दोन्ही भेद एकाच वचनात भेटतात असेही एक स्थळ आहे. योहान १:१८ मध्ये काही प्रतींत ‘एकुलता एक पुत्र’ असा पाठ आहे, तर इजिप्तमध्ये सापडलेल्या आणि विसाव्या शतकात प्रकाशित झालेल्या दोन अतिप्राचीन पपायरस प्रतींत ‘पुत्र’च्या जागी ‘देव’ आहे. हा झाला पाठभेद. पण ‘एकुलता एक’ म्हणून आलेल्या ग्रीक विशेषणाचा अर्थ ‘एकमेव’ असा करावा की ‘एकच जन्मलेला’, हा प्रश्न भाषांतराचा आहे आणि कोणताही पाठ स्वीकारला तरी तो उरतोच. रोमकरांस पत्र ९:५ मध्ये अक्षरे सर्वत्र तीच आहेत, फक्त पूर्णविराम कोठे द्यावा यावर ‘सर्वांवर असलेला देव’ हे शब्द ख्रिस्ताविषयी आहेत की पित्याच्या स्तुतीचे, हे अवलंबून आहे. जुन्या प्रतींत विरामचिन्हे जवळजवळ नसतात. १९४६ च्या अमेरिकन सुधारित आवृत्तीने ती पित्याची स्तुती मानली, तर तिच्याच १९८९ च्या नव्या रूपाने ते शब्द ख्रिस्ताला लावले.

म्हणूनच नव्या आवृत्त्या ख्रिस्ताचे देवपण कमी करत चालल्या आहेत ही तक्रार तपासात टिकत नाही. तीताला पत्र २:१३ मध्ये किंग जेम्सची रचना ‘थोर देव आणि आपला तारणारा येशू ख्रिस्त’ असे दोन जण सुचवू शकते, पण १८८१ च्या सुधारित आवृत्तीत ‘आपला थोर देव व तारणारा येशू ख्रिस्त’ असे एकालाच उद्देशून झाले. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या वचनातही असेच आहे. यहूदाच्या पत्राच्या पाचव्या वचनात तर लोकांना मिसर देशातून सोडवणारा ‘प्रभू’ होता की ‘येशू’, असा पाठभेद आहे, आणि अभ्यासकांत प्रमाण मानल्या जाणाऱ्या नेस्ले-आलांड या ग्रीक नव्या कराराच्या २०१२ मध्ये निघालेल्या आवृत्तीने ‘येशू’ हा पाठ मजकुरात घेतला. योहान १:१८ मधील ‘देव’ हा पाठही नव्या संशोधनातूनच पुढे आला.

अर्थात, पाठ ठरला आणि भाषांतरही ठरले तरी वाद मिटतोच असे नाही. नीतिसूत्रे ८:२२ मध्ये ज्ञान बोलते आहे, आणि चौथ्या शतकाच्या वादातील दोन्ही पक्ष हे ज्ञान म्हणजे पुत्रच असे मानत. तेथील हिब्रू क्रियापद ‘मिळवणे’, ‘बाळगणे’ आणि काही ठिकाणी ‘उत्पन्न करणे’ या अर्थांनी येते. प्राचीन ग्रीक भाषांतराने ‘प्रभूने मला निर्माण केले’ असे केले, जेरोमच्या लॅटिन भाषांतराने ‘बाळगले’ असे केले, आणि प्रचलित हिंदीत ‘उत्पन्न किया’ आहे. पुत्र हा निर्मित आहे असे म्हणणाऱ्या एरियसच्या पक्षाने ग्रीक भाषांतरातील हेच क्रियापद पुढे केले. त्याचा विरोधक अथेनेशियस याने ते शब्द खोडले नाहीत किंवा हिब्रूकडे वळून अर्थ बदलला नाही. त्याने ‘निर्माण केले’ हे भाषांतर तसेच ठेवले, आणि ते पुत्राच्या अनादी अस्तित्वाविषयी नसून त्याने धारण केलेल्या मानवी देहाविषयी आहे, असा अर्थ आपल्या लेखनात विस्ताराने मांडला. दोन्ही पक्षांसमोर शब्द एकच होता, त्यांचे मतभेद त्या शब्दापलीकडच्या संपूर्ण शास्त्राच्या वाचनावर होते.