गॅसबत्तीच्या मॅन्टलची पूर्वपीठिका

गॅसबत्तीचे नवे मॅन्टल पाकिटातून काढले की हातात येते ती सुती किंवा रेशमासारख्या धाग्याची मऊ पिशवी. तोंडाशी ओवलेला दोरा ओढून ती बर्नरच्या तोटीवर बांधायची, सुरकुत्या सारख्या करायच्या आणि काडी लावायची. धागा पेट घेतो, काळा पडतो, पिशवी आक्रसते आणि मिनिटभरात तिथे एक पांढरी जाळी लोंबत राहते. सूत जळून गेलेले असते. उरलेली असते ती त्यात मुरवलेल्या क्षारांची राख, आणि पुढे बत्ती जो काही उजेड देते तो सगळा या राखेचा. बोट लागले की ती गेली. वरातीत बत्ती डोक्यावर घेतलेला माणूस ठेचकाळला तरी नवे मॅन्टल आलेच.

एवढी ठिसूळ वस्तू विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगभरात वर्षाला कोट्यवधींनी खपत होती. मात्र तिच्यापर्यंत पोचायला गॅसच्या दिव्याला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

विल्यम मरडॉकने १७९२ मध्ये कॉर्नवॉलमधल्या रेडरूथ गावी दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसवर आपले घर उजळले. १८१२ मध्ये लंडनला पहिल्या मोठ्या गॅस कंपनीला सनद मिळाली. तिथून पुढची सत्तर-ऐंशी वर्षे गॅसचा दिवा म्हणजे नळीच्या टोकाशी पेटलेली उघडी ज्योत. टोकाला एक भोक असेल तर ज्योत उंदराच्या शेपटीसारखी बारीक यायची, चीर असेल तर वटवाघळाच्या पंखासारखी पसरट, आणि दोन झोत एकमेकांवर आदळवले की माशाच्या शेपटीसारखी. बर्नर याच नावांनी विकले जात. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ च्या ऑक्टोबरात गॅसचे दिवे लागले तेही याच उघड्या ज्योतीचे. दिवे लावत जाणाऱ्या माणसांच्या मागे लोकांची गर्दी एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर फिरत होती, असे त्या संध्याकाळचे वर्णन आहे.

या ज्योतीचा उजेड येत होता काजळीतून. गॅस अर्धवट जळताना कार्बनचे सूक्ष्म कण सुटतात, ते तापून पिवळे होतात आणि ज्योतीच्या कडेला पोचून जळून जातात. म्हणजे उजेड हवा असेल तर गॅस नीट जळता कामा नये, ही अट. नीट जळला तर ज्योत निळी पडते आणि अंधार होतो. त्यामुळे छत काळवंडणे, खोली तापणे, हवा कोंदट होणे हे सगळे दिव्यासोबत घरात येई. श्रीमंतांच्या दिवाणखान्यातले पडदे आणि सोनेरी चौकटी गॅसने खराब होतात ही तक्रार त्या काळी कायमची होती.

१८५५ च्या सुमारास हायडेलबर्गला रॉबर्ट बुन्सेन आणि त्याचा यंत्रकार पेटर डेसागा यांनी प्रयोगशाळेसाठी तो प्रसिद्ध बर्नर केला. गॅस पेटण्याआधीच नळीत हवा ओढून घ्यायची आणि मिश्रण जाळायचे. ज्योत निळी, अतिशय तप्त, काजळी नाही आणि उजेडही नाही. रसायनशास्त्रज्ञांना नेमके हेच हवे होते. दिवेवाल्यांना मात्र ती बिनकामाची वाटली, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते. उष्णता भरपूर आहे, तिचा उजेड करायला ज्योतीत काहीतरी टांगले पाहिजे. काय टांगायचे, एवढाच प्रश्न.

त्याचे एक उत्तर आधीपासून ठाऊक होते. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत चुन्याचा खडा धरला की तो डोळे दिपवणारा पांढरा उजेड देतो. टॉमस ड्रमंडने १८२६ पासून सर्वेक्षणात दूरच्या खुणा दिसाव्यात म्हणून त्याचा उपयोग केला आणि पुढे नाटकगृहांत तो रंगमंचावर आला. पण त्याला दोन वायूंच्या टाक्या लागत, शिवाय खडा फिरवत राहणारा माणूस शेजारी उभा लागे. रस्त्यावरच्या खांबाला हे परवडणारे नव्हते.

मग साध्या गॅसवर चालेल असे काही शोधण्याची धडपड सुरू झाली. फ्रान्समध्ये जिलारने प्लॅटिनमच्या तारेची जाळी ज्योतीत बसवली आणि १८५० च्या दशकात नार्बोन शहरात असे दिवे लागलेही. प्लॅटिनम वितळत नाही, पण महाग पडते, आणि काही काळाने तारेचा पृष्ठभाग खराब होऊन उजेड उतरतो. १८८० च्या सुमारास पॅरिसच्या क्लामाँने मॅग्नेशियाचा, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइडचा, लगदा बारीक छिद्रांतून शेवयांसारखा दाबून काढला, त्या धाग्यांची छोटी टोपली विणली आणि ती भाजून घट्ट केली. त्याच्या पहिल्या रचनेत ज्योत खाली तोंड करून होती आणि टोपली प्लॅटिनमच्या तारेत लटकवलेली. १८८३ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती लोकांनी पाहिली. स्वीडनच्या फानेयेल्मने मॅग्नेशियाच्या काड्या कंगव्याच्या दातांसारख्या ओळीने लावल्या. दोघांचेही दिवे चालले, पण जाडीने मारले. काडी जाड असली की तिला तापवण्यातच ज्योतीची शक्ती खर्च होते. सगळ्यांचे लक्ष न वितळणारा आणि मजबूत पदार्थ शोधण्याकडे होते. जाळी जवळजवळ नसल्यासारखी पातळ हवी, हे कुणी मनावर घेतले नव्हते.

ते घेतले कार्ल आउअर फोन वेल्सबाखने, आणि तेही दिवा करायचा म्हणून नाही. व्हिएन्नात १८५८ मध्ये जन्मलेला हा माणूस हायडेलबर्गला बुन्सेनचाच विद्यार्थी. विषय दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचा, म्हणजे लॅन्थॅनम, सेरियम, इट्रियम ही एकमेकांपासून सहजी वेगळी न होणारी मंडळी. त्यांची ओळख पटवायची तर क्षार ज्योतीत धरून निघणारा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहायचा. प्लॅटिनमच्या तारेवरचा थेंब फार लहान पडतो म्हणून आउअरने सुती कापडाचा तुकडा द्रावणात बुडवला आणि तो ज्योतीत धरला. कापड जळाले. ऑक्साइडची राख कापडाचा आकार जसाच्या तसा धरून उभी राहिली आणि झगझगू लागली. प्रत्येक धागा, प्रत्येक वीण राखेत उमटलेली. विणकराने केलेली बारीक जाळी फुकटात मिळाली होती, आणि क्लामाँच्या शेवयांपेक्षा ती कितीतरी पातळ होती.

पहिला प्रयोग लॅन्थॅनम ऑक्साइडचा होता. उजेड छान, पण हवेतली ओल शोषून दोन-चार दिवसांत जाळीची पूड व्हायची. मॅग्नेशिया मिसळून ती टिकवली. १८८५ च्या पेटंटमध्ये साठ टक्के मॅग्नेशियम ऑक्साइड आणि उरलेले लॅन्थॅनम व इट्रियमचे असे प्रमाण आहे. त्याच वर्षी त्याने ‘डिडिमियम’ म्हणून ओळखले जाणारे मूलद्रव्य एक नसून दोन आहेत, प्रॅसिओडिमियम आणि निओडिमियम, हेही दाखवून दिले. रसायनशास्त्राच्या इतिहासात त्याला जागा मिळायला एवढे पुरेसे होते. दिव्याने मात्र पैसे बुडवले. उजेड हिरवट होता, माणसांचे चेहरे त्यात आजारी दिसत, आणि काही तासांच्या वापरानंतर जाळी काचेसारखी होऊन तडकत असे. व्हिएन्नाजवळ आट्सगर्सडॉर्फला १८८७ मध्ये काढलेला कारखाना दोनच वर्षांत बंद पडला.

बहुतेकांनी इथे हात टेकले असते. विजेचा दिवा बाजारात आला होता. एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केले होते आणि गॅस कंपन्यांचे भागधारक धास्तावलेले होते. आउअर मात्र बंद कारखान्याच्या प्रयोगशाळेत मिश्रणे तपासत बसला. थोरियम ऑक्साइड घातले की जाळी बळकट होते आणि उजेडही वाढतो, हे त्याला आधी दिसले होते. म्हणून थोरियम अधिकाधिक शुद्ध करायला घेतले, आणि तिथे गाडी उलटी फिरली. थोरियम जितके शुद्ध, तितका दिवा मंद. सहकारी लुडविग हाइटिंगरच्या मदतीने शोध घेतल्यावर कळले की उजेड थोरियमचा नव्हताच. शुद्ध करताना टाकून दिली जाणारी सेरियमची किंचित भेसळ हे काम करत होती. ती मोजून परत घातली तेव्हा प्रमाण ठरले: ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड. पुढची शंभर वर्षे जवळजवळ सगळी मॅन्टल याच प्रमाणात निघाली.

हा एक टक्का कसा काम करतो? तापलेली कोणतीही वस्तू आपली बरीचशी शक्ती न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांत घालवते. थोरियम ऑक्साइड याबाबतीत कमालीचे कंजूष आहे. त्यातून उष्णतेचे किरण फार कमी सुटतात, म्हणून जाळी ज्योतीच्या तापमानाच्या जवळ जाते. पण दिसणारा उजेडही त्यातून कमीच येतो. सेरियम ऑक्साइड दिसणाऱ्या प्रकाशाच्या पट्ट्यात जोरदार चमकते. ते चिमूटभर असेल तर थोरियमने राखलेले तापमान तसेच राहते आणि उजेड मिळतो. जास्त झाले तर जाळी स्वतःच थंड पडू लागते. म्हणून दोन टक्के घातले की उजेड दुप्पट होत नाही, उलट घटतो.

४ नोव्हेंबर १८९१ रोजी व्हिएन्नाच्या ऑपेरा कॅफेसमोर नव्या मॅन्टलचे दिवे लागले आणि या वेळी लोकांनी ते घेतले. तेवढ्याच गॅसमध्ये उघड्या ज्योतीच्या कितीतरी पट उजेड मिळत होता, काजळी नव्हती, आणि त्या काळच्या कार्बन तंतूच्या विजेच्या दिव्यापेक्षा तो स्वस्तही पडत होता. ज्या गॅस उद्योगाची तिरडी बांधायला लोक निघाले होते, त्याला आणखी वीस-पंचवीस वर्षांचे आयुष्य मिळाले.

कारखान्यातले काम बारकाईचे होते. गोल विणलेली सुती नळी धुऊन तिच्यातले सगळे खनिज अंश काढायचे, कारण राखेत नको ती भेसळ चालत नाही. मग ती थोरियम-सेरियम नायट्रेटच्या द्रावणात बुडवून पिळायची आणि वाळवायची. वरचे टोक अॅस्बेस्टॉसच्या दोऱ्याने चुणून त्याचाच फास करायचा. साच्यावर आकार देऊन सूत जाळायचे, आणि दाबाच्या गॅसवर जाळी तापवून कडक करायची. अशी राख गिऱ्हाइकापर्यंत पोचवायची कशी? त्यासाठी ती कलोडियनमध्ये, म्हणजे वाळल्यावर पातळ पापुद्रा धरणाऱ्या द्रावणात, बुडवत. त्यात कापूर आणि एरंडेल घातलेले असे, म्हणजे वाळल्यावर थर तडकत नसे. घरी बसवल्यावर काडी लावली की हा थर भपकन जळून जायचा. पुढे सुताच्या जागी रॅमी नावाच्या वनस्पतीचा धागा आला, नंतर कृत्रिम रेशीम. सुताची राख आक्रसून वाकडी होते, सलग धाग्याची धक्के जास्त सोसते. आधी न जाळलेली मऊ पिशवी विकायची पद्धत त्यानंतर रुळली.

बर्नरलाही तेवढेच डोके लागले. बुन्सेनच्या ज्योतीचा सर्वात तप्त भाग म्हणजे बाहेरचा पातळ थर, आणि जाळी बरोबर त्या थरात बसली पाहिजे. म्हणून मॅन्टलचा आकार कलाकाराच्या मनावर नव्हता, ज्योतीचा आकार तोच जाळीचा. हवा कमी पडली तर जाळीवर काजळी धरते, जास्त झाली किंवा वेग मंदावला तर ज्योत फट्‌ करून नळीत मागे जाते. तोंडाशी तारेची जाळी बसवायची ती यासाठी. सुरुवातीची मॅन्टल उभी होती, ज्योतीवर दांडीने टांगलेली, भोवती काचेची चिमणी. त्यांचा उजेड वर आणि आजूबाजूला जाई, आणि वाचणाऱ्याच्या टेबलावर नेमकी बर्नरची सावली पडे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उलटी मॅन्टल आली. ज्योत खाली ढकलायची म्हणजे गरम वायूच्या वर जाण्याच्या स्वभावाशी भांडण. वर येणारा धूर बर्नरलाच तापवतो आणि मिश्रण बिघडवतो. चिनी मातीसारख्या पदार्थाची तोटी आणि धूर बाजूला वळवणारी झाकणी यांनी ते सुटले. आपल्याकडच्या गॅसबत्तीत मॅन्टल खाली लोंबते ते या वळणाचे.

आपल्याकडे नळाने येणारा गॅस मुंबईसारख्या मोजक्या शहरांपुरता राहिला. मॅन्टल गावोगाव पोचले ते रॉकेलमुळे. आर्थर किटसनने १८९० च्या दशकात रॉकेलची वाफ करून ती मॅन्टलमध्ये जाळायची रचना केली, आणि जुन्या मराठी लिखाणात सभा-नाटकांच्या वर्णनांत भेटणाऱ्या ‘किटसन बत्त्या’ त्याच्या नावाच्या. बर्लिनच्या एरिश अँड ग्रेट्झ कंपनीच्या माक्स ग्रेट्झने काढलेल्या कंदिलाचे नाव पेट्रोमॅक्स. टाकीत पंपाने हवा भरायची, रॉकेल नळीतून वर चढते, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते, बारीक भोकातून ती सुटताना हवा ओढून घेते आणि खाली मॅन्टलमध्ये जळते. आधी नळी तापवायला स्पिरिट, भोक तुंबले तर पिन.

थोरियम मोनाझाइट नावाच्या वाळूत सापडते. ती आधी अमेरिकेतल्या कॅरोलायनाहून आणि ब्राझीलच्या किनाऱ्यावरून जर्मनीत जाई. १९०९ मध्ये शोमबर्ग या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट दिसले. माग काढत तो मनवलकुरिचीच्या किनाऱ्यावर आला आणि तिथे वाळू धुण्याचा कारखाना निघाला. तिच्यात थोरियम ब्राझीलच्या वाळूपेक्षा जास्त होते. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मन मालकी संपून ब्रिटिश कंपन्या आल्या. स्वातंत्र्यानंतर सरकारने वाळूची निर्यात थांबवून प्रक्रिया देशातच करायचे ठरवले, आणि १९५५ मध्ये मुंबईत तुर्भ्याला थोरियम प्रकल्प सुरू झाला. नाव अणुऊर्जेचे, पण त्याच्या थोरियम नायट्रेटचे गिऱ्हाईक होते मॅन्टलचे कारखानदार.

थोरियम किरणोत्सारी आहे हे १८९८ मध्येच कळले होते. वापरणाऱ्याला त्याचा धोका अगदी किरकोळ, तरी फुटलेल्या मॅन्टलची पूड फुंकू नये, हात धुवावेत हे बरे. कारखान्यांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही: न्यू जर्सीत ग्लॉस्टर सिटीला वेल्सबाख कंपनीच्या जुन्या जागेभोवतीची दूषित माती सरकारी खर्चाने उपसावी लागली. १९९० च्या दशकात बऱ्याच उत्पादकांनी थोरियम सोडून इट्रियम घेतले. ही मॅन्टल थोडी मंद जळतात आणि पूर्वीच्यांपेक्षा लवकर फुटतात, अशी जुन्या बत्त्या बाळगणाऱ्यांची कुरकुर आहे.