फारसीतील संख्या-परिमाणाचे प्रश्न

इराणी फारसीत 'किती' विचारायला मुख्यतः दोन शब्द आहेत. मोजायच्या वस्तूंसाठी 'चंद' आणि पाणी, साखर, श्रम यांसारख्या गोष्टींसाठी 'चेगद्र'. 'चेगद्र' कौतुकातही चालतो: 'चेगद्र गशंग!' म्हणजे 'किती सुंदर!'

'चंद'नंतरचे नाम एकवचनीच राहते: 'चंद केताब?' (किती पुस्तके?). संख्येनंतरही तेच, 'पंज केताब'. मराठीच्या सवयीने इथे अनेकवचनाचा 'हा' प्रत्यय जोडला की चुकलेच.

बोलताना 'चंद' किंवा संख्या आणि नाम यांच्या मध्ये 'ता' हा मोजणीचा शब्द येतो. नानवाला विचारतो, 'चंद ता नून मीखायन?' (किती नान हवेत?). दिवस, किलो अशा एककांपूर्वी मात्र 'ता' येत नाही: 'चंद रूज', 'चंद किलो'. माणसे 'नफर'ने मोजतात, आणि परंपरेने उंटही! ग्रंथांना 'जेल्द', विमाने-जहाजांना 'फरवंद', गुराढोरांना 'रअस'. हाच शेवटचा शब्द मोडी कागदपत्रांत घोड्यांच्या मोजणीत 'रास' म्हणून भेटतो. रोजच्या बोलण्यात यातले बरेचसे काम एकटा 'ता' भागवतो.

वाक्यरचना मराठी माणसाला सोपी जाते. क्रियापद शेवटी येते आणि प्रश्न करताना शब्दांची जागा बदलत नाही. 'अज बाजार चंद किलो सीब खरीदी?' म्हणजे 'बाजारातून किती किलो सफरचंदे घेतलीस?' 'खरीदी'तल्या 'ई'तून 'तू' कळतो, म्हणून सर्वनाम गाळतात. लिंगभेद मुळातच नाही. भूतकाळातही क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालते. आपल्याकडे घेतला-घेतली-घेतले कर्मावर ठरते, तसे तिथे नाही. कर्म ठरावीक असेल तर त्याला 'रा' लागतो: 'सीब खरीदम' (सफरचंद घेतले), पण 'सीब रा खरीदम' (ते सफरचंद घेतले). बोलीत या 'रा'चा नुसता 'ओ' उरतो. 'चंद किलो सीब खरीदम' असे साधे विधान केले, तर 'चंद'चा अर्थ 'काही' होतो.

'कितवा'साठी 'चंदोम' आहे. 'एमरूज चंदोमे?' म्हणजे आज तारीख किती?

भाव विचारताना एककाला 'ई' जोडतात: 'किलोयी चंद?' (किलोला काय भाव?). उत्तर बहुधा तोमानमध्ये येते, कागदोपत्री चलन रियाल असले तरी. एक तोमान म्हणजे 10 रियाल. त्यात 'हजार' हा शब्दही अनेकदा गिळला जातो, त्यामुळे 'पंजाह' (पन्नास) ऐकले तर ते 50 हजार तोमान असू शकतात.